राजमा स्लो कुकरमध्ये? अजिबात नको

'कुकर म्हणजे सायलेंट किलर' अशी सुरुवात असलेला आणि ओळीओळीला हात जोडलेले इमोजी पेरलेला तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. एरवी मी असलं काही उघडूनही बघत नाही. पण या वेळी मावशीने तो न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीला पाठवला आणि तिने खाली लिहिलं, "अरे वा, माझा स्लो कुकर नुसताच पडून आहे. आज रात्री राजमा लावते." स्लो कुकर म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं. आधी तिला फोन केला, मग हे लिहायला बसले.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. प्रेशर कुकरमध्ये अन्नातलं 87 टक्के सत्त्व जळतं, 13 टक्केच उरतं. शिजताना ज्या अन्नाला हवा आणि सूर्यप्रकाश लागत नाही ते विष. म्हणून सगळं मंद आचेवर शिजवा, परदेशात असाल तर स्लो कुकर वापरा. राजमा भिजवूसुद्धा नका, त्या पाण्याबरोबर सत्त्व जातं. नुसता धुऊन रात्री 'लो'वर टाका, सकाळी लोण्यासारखा मऊ. उरलं तर दुसऱ्या दिवशी त्याच भांड्यात गरम करा.

यातला राजम्याचा सल्ला नुसता चुकीचा नाही, तो माणसाला आजारी पाडणारा आहे. कच्च्या लाल राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक प्रकारचं प्रथिन, भरपूर असतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची, म्हणजे एफडीएची, 'बॅड बग बुक' नावाची पुस्तिका आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की कच्चे चार-पाच दाणेही त्रास व्हायला पुरतात. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत मळमळ, मग जोरदार उलट्या, मग जुलाब. बहुतेक जण काही तासांत सावरतात हे खरं, पण घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर ते काही तास कसे जातात ते विचारू नका.

आणि खरी गोम पुढेच आहे. हे लेक्टिन खळखळत्या उकळीने मोडतं, नुसत्या गरम राहण्याने नाही. त्याच पुस्तिकेप्रमाणे स्लो कुकरमध्ये केलेल्या पदार्थांचं आतलं तापमान तपासलं तेव्हा ते बरेचदा 75 अंश सेल्सिअसच्या वर गेलेलंच नव्हतं. 80 अंशांपर्यंत तापवून सोडलेला राजमा तर कच्च्यापेक्षा पाचपट घातक ठरू शकतो. म्हणजे रात्रभर वीज जाळून आपण विष वाढवून ठेवायचं! दाणा बोटाने दाबला की चेपला जातो, म्हणून तो झाला असं समजू नका. उकळीच्या खालच्या तापमानालाही दाणा मऊ पडतो, आतलं लेक्टिन मात्र तसंच राहतं.

एफडीए सांगते ते आपल्या आज्या न सांगता करायच्या: निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात 30 मिनिटं उकळा. आपल्या कुकरमध्ये शिट्टीच्या दाबाला तापमान 120 अंशांच्या आसपास जातं, म्हणून रात्री भिजवून कुकरला लावलेल्या राजम्याचा आपल्याला कधी त्रास झाला नाही. ज्या कुकरला मेसेज शिव्या घालतो, तोच इथे वाचवतो.

सूर्यप्रकाशाचं तर हसूच येतं. स्लो कुकरचं झाकण आठ तास उघडायचं नसतं, आणि मेसेज तो रात्री लावायला सांगतो. त्या राजम्याला ऊन कुठून लागणार, ते एकदा लिहिणाऱ्याने समजावून सांगावं.

87 टक्के कसले, हे मेसेजमध्ये कुठेच नाही. लोह, कॅल्शियम हे क्षार आहेत, ते उष्णतेने जळत नाहीत. क जीवनसत्त्व नाजूक खरं, पण त्याला उष्णतेइतकाच वेळही मारतो. मग वीस मिनिटांचा कुकर वाईट आणि आठ तासांचा स्लो कुकर चांगला कसा?

उरलेलं स्लो कुकरमध्ये गरम करू नका. थंड अन्न 5 ते 60 अंशांच्या टप्प्यात फार वेळ रेंगाळतं आणि जंतूंचं फावतं. फ्रीझरमधलं गोठलेलं मटण थेट टाकायचं नाही, तेही याच कारणाने. गॅसवर वाफ येईपर्यंत गरम करा, मग हवं तर 'वॉर्म'वर ठेवा.

बरं, एक गोष्ट मान्य करते, नाइलाजाने. मंद शिजवण्याला चव असते. पाया, नळी, मटणाचे चिवट तुकडे यांतलं कोलॅजन हळूहळू विरघळतं आणि रश्शाला जो दाटपणा येतो तो चार शिट्ट्यांत येत नाही. भाचीला म्हटलं, मटणाला वापर. फक्त कांदा-खोबऱ्याचं वाटण कढईत खमंग भाजूनच घाल, कारण त्या भांड्यात कांदा नुसता उकडतो, लाल होत नाही. वाफ बाहेर जात नाही, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा बरंच कमी. भांडं अर्ध्याच्या वर पण काठोकाठ नाही. आणि सारखं झाकण उघडून बघायचं नाही. दर वेळी वीसेक मिनिटांची शिजणावळ वाया जाते. गरम मसाला आणि कोथिंबीर अगदी शेवटी.