साखर डिकीत होती

संध्याकाळपासून डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहितोय. लांब होईल, पण शेवटपर्यंत वाचा.

शेजारची ताई आज आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली, धुळ्याहून जळगावच्या बसने. आली ती पाणीही न पिता ओट्यावर बसली आणि सांगायला लागली. पारोळा मागे पडलं होतं, एरंडोल यायचं होतं, आणि बसचं चाक बसलं. दुपारचा दीड, वर वैशाखाचं ऊन. माणसं खाली उतरून बसच्या सावलीला उभी राहिली. त्यातले एक आप्पा, सत्तरीचे असतील, एकदम घामाने भिजले. हात थरथरायला लागले. बायकोवर ओरडायला लागले, शब्द अडखळायला लागले. आणि गर्दीतून पहिला आवाज काय आला? "पिऊन आलाय."

त्यांची बायको बिचारी सांगत होती, "त्यासले शुगर शे भाऊ, सकायपाइन काही खादं नही." तिचं ऐकतंय कोण? एकाने कांदा शोधायला सुरुवात केली, हुंगवायला. एकाने आडवं करून तोंडात पाण्याची बाटली लावली. तिसरा म्हणाला, शुगरवाल्याला गोड अजिबात द्यायचं नाही, आणि बॅगेतून शुगर फ्री बिस्किटं काढली. चार-पाच जण व्हिडिओ काढत होते.

आता हे नीट समजून घ्या, कारण आपल्या प्रत्येकाच्या घरात एक तरी शुगरवालं माणूस आहे. मधुमेहाच्या काही गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइड आणि ग्लिक्लाझाइड जातीच्या, आणि इन्सुलिन, पोटात अन्न असो-नसो, साखर खाली ओढतच राहतात. सकाळी गोळी घेतली, प्रवासाच्या गडबडीत जेवण राहिलं, की दुपारी साखर ७० च्या खाली. घाम, थरथर, चिडचिड, बरळणं ही सगळी त्याचीच लक्षणं. म्हणून तो माणूस प्यायल्यासारखा दिसतो. शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तर लगेच १५ ग्रॅम साखर द्यायची, म्हणजे चहाचे तीन चमचे, अर्धा ग्लास पाण्यात ढवळून. १५ मिनिटं थांबायचं. सुधारणा नसेल तर पुन्हा तेवढीच. बरं वाटलं की वर भाकरी, केळी, काहीतरी पोटभरीचं, कारण गोळीचा असर संपलेला नसतो, साखर पुन्हा उतरते. चॉकलेट, बिस्किट हे पहिल्या पाच मिनिटांचं औषध नव्हे. त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात जायला वेळ लागतो. शुगर फ्रीचा तर उपयोगच नाही, त्यात हवी ती साखरच नाही. आणि शुद्ध गेली असेल तर तोंडात थेंबसुद्धा घालायचा नाही, तो श्वासनलिकेत जातो. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन लावून गाडी बोलवायची.

पन्नास-पंचावन्न माणसं होती बसमध्ये. तीन चमचे साखर हातात नव्हती.

हातात नव्हती असं म्हणतोय, कारण बसमध्ये साखर होती. ताईनेच सांगितलं. कुणीतरी आखाजीसाठी पाच किलो साखर घेऊन चाललं होतं. ती पोत्यात, पोतं डिकीत, डिकीपुढे काढलेलं चाक आणि जॅक, आणि वरून कुरडयांचे डबे. ज्याची साखर त्यालाही ती आठवली सगळं झाल्यावर.

माझा सगळा राग या गोष्टीवर आहे. आपण 'तयारी' म्हणजे घरातलं कपाट समजतो. घरी प्रथमोपचाराची पेटी आहे, गाडीच्या डिकीत टॉर्च आहे, कपाटात ग्लुकोजचा डबा आहे. अंगावर काय आहे? मोबाइल. गरज पडते ती पारोळा-एरंडोलच्या मध्ये, कन्नड घाटात, लळिंगच्या उतारावर, यावल-रावेरकडे केळीच्या बागेत पाटाला पाणी सोडताना. तिथे तुमचं कपाट येत नाही.

हल्ली तरुण मुलं ईडीसीचे रील्स बघतात, एव्हरीडे कॅरी म्हणे, रोज अंगावर बाळगायचं सामान. काळा चाकू, काळा पेन, काळी टॉर्च टेबलावर ओळीने मांडायची. भो, तो चाकू तू वर्षभरात कशाला उघडलास ते सांग. पॅराकॉर्डची दोरी कामाची असते, हे मान्य, चांगली असेल तर अडीचशे किलोच्या आसपास ताण घेते आणि तुटलेल्या चपलेपासून सुटलेल्या सामानापर्यंत सगळं बांधते. तीन मीटर ठेवा. पण खिशातल्या सामानाची निवड रील बघून करायची नसते. गेल्या वर्षभरात आपल्या घरात, गल्लीत, रस्त्यावर काय काय अडलं ते आठवायचं, आणि त्यातलं मुठीएवढ्या जागेत बसणारं उचलायचं. उन्हाची भोवळ, शुगर उतरणं, खरचटणं-कापणं, मोबाइल बंद पडणं, अंधार, सुटे पैसे. खानदेशात वर्षभराच्या अडचणी बहुतेक इथेच संपतात.

साखरेपासूनच सुरू करतो. प्लॅस्टिकची घट्ट झाकणाची छोटी डबी, कुंकवाच्या मोठ्या डबीएवढी. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर मोजून भरा. पावडर पावसाळ्यात दगड होते, म्हणून साखर बरी. गूळ उन्हाळ्यात पाझरतो आणि पिशवीभर मुंग्या करतो. खडीसाखर टिकते, पण विरघळायला वेळ लावते. बसमध्ये शेवटी तीच कामी आली. एका म्हातारीच्या कमरेच्या चंचीत पद्मालयाच्या गणपतीचा प्रसाद होता, खडीसाखरेचे सात-आठ खडे. ताईने ते रुमालात बांधून दगडाने ठेचले, झाकणभर पाण्यात कालवले आणि घोट-घोट पाजले. ठेचायचं सुचलं म्हणून. खडे तसेच तोंडात दिले असते तर थरथरत्या माणसाच्या घशात अडकले असते.

त्या आजीबाईंना मी ओळखत नाही. पण त्यांची चंची डोळ्यांसमोरून जात नाही. अडकित्ता, चुन्याची डबी, सुई-दोरा, सुटे चार पैसे आणि प्रसाद. पन्नास जणांत तयारीचं माणूस एकच निघालं.

दुसरी वस्तू ओआरएस. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४ च्या पुढे जातो, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण पाकीट घेताना मागची बाजू वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट २०.५ ग्रॅमचं असतं आणि ते पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं असतं. लोक काय करतात? अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं पाकीट ओततात, 'जास्त ताकद' म्हणून. मिश्रण तीव्र झालं की फायद्याऐवजी अपायच होतो, लहान मुलांना तर जास्तच. रोजच्या पिशवीत २०० मिलीची दोन छोटी पाकिटं ठेवा, एक पाकीट एका ग्लासला. कालवलेलं २४ तासांत संपवा, उरलं तर ओतून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मिठाच्या बाबतीत हात सैल सोडू नका.

आणि ऊन लागून माणूस बरळायला लागला किंवा बेशुद्ध झाला तर ते ओआरएसचं काम राहत नाही. सावली, १०८, आणि अंग गार करणं. त्यासाठी तिसरी वस्तू, मोठा सुती रुमाल, निदान दोन हात चौरस. ओला करून मान, काखा, जांघा यांवर फिरवायचा आणि वारा घालायचा. हाच रुमाल डोक्याला, हाच झोळी करून मोडक्या हाताला, हाच घडी करून जखमेवर. टेरिकॉटचा घेऊ नका, तो पाणी धरत नाही. आणि घामाने भिजलेला कालचा रुमाल जखमेवर नको, म्हणून एक धुतलेला वेगळ्या पिशवीत.

जखमेसाठी निर्जंतुक गॉजची दोन पाकिटं आणि १० सेंटिमीटर रुंदीची एक क्रेप पट्टी. कापूस नको, त्याचे तंतू जखमेला चिकटून बसतात. हळद, कॉफी, चुना काहीही भरायचं नाही. गॉज ठेवून तळहाताने सलग दहा मिनिटं दाबायचं. 'थांबलं का बघू' म्हणून दर मिनिटाला उचलून बघितलं की जमलेली गुठळी सुटते, आणि मग लोक म्हणतात रक्त थांबतच नव्हतं. गॉज भिजला तर काढू नका, वर दुसरा ठेवा.

क्रेप पट्टीचं आणखी एक काम. शेतात साप चावला तर हात किंवा पाय काठीला लावून हलणार नाही असा धरून ठेवायचा, त्यासाठी. आवळून बांधायची नाही! दोरी आवळणं, ब्लेडने कापणं, तोंडाने ओढणं, हे सगळं आजही आपल्या गावांत चालतं, आणि हात-पाय त्यानेच जातात. अंगठी, कडं, पैंजण लगेच उतरवा, सूज चढल्यावर निघत नाहीत. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांच्या विषावर चालणारं प्रतिविषाचं इंजेक्शन दवाखान्यात असतं. पिशवीत सापाचं कुठलंही औषध बाळगू नका, बाळगण्यासारखं ते नाहीच.

टॉर्चबद्दल दरवेळी ऐकतो, "मोबाइलमध्ये आहे की." आहे, बरोबर आहे. पण ज्या फोनने १०८ लावायचा त्याचीच बॅटरी उजेडासाठी जाळायची का? एका एए सेलची बोटभर टॉर्च पुरे. सेल उलटा घालून ठेवा, म्हणजे बटण पिशवीत दाबलं गेलं तरी उतरणार नाही. अल्कलाइन सेल संपून आतच राहिला की गळतो आणि टोकांवर पांढरा खार धरतो. टॉर्च बहुतेक वेळा यानेच मरते.

पॉवर बँक १०,००० एमएएचची घेतली तर फोनला प्रत्यक्षात सहा-साडेसहा हजार मिळतात, बाकी रूपांतरात जातात. म्हणजे दीड चार्ज समजा. वीतभर केबल तिलाच गुंडाळून ठेवा, केबल घरी राहिलेली पॉवर बँक म्हणजे वीट. उन्हात उभ्या मोटारसायकलच्या डिकीत ती कधीही ठेवू नका. लिथियमचा सेल भरलेला असताना तापला की सर्वांत लवकर खराब होतो, फुगलेली दिसली तर वापरू नका. लायटरही तिथे नको. इन्सुलिनचं पेन तर नकोच नको. ते गार ठेवायचं, पण बर्फाला टेकवायचं नाही. एकदा गोठलं की ते इन्सुलिन वाया गेलं.

पैसे ५०० रुपयेच, पण दहा-वीस-पन्नास-शंभरच्या नोटांत. नेटवर्क नसलेल्या जागी यूपीआय नाही, आणि रिक्षावाल्याकडे पाचशेचे सुटे नाहीत. दोन सेफ्टी पिना, सुई-दोरा, एक शिट्टी. शिट्टी बायका-मुलींनी आणि डोंगरात जाणाऱ्यांनी तरी ठेवाच. तोरणमाळला किंवा पालच्या जंगलात वाट चुकली तर ओरडून घसा तासाभरात बसतो, शिट्टी दिवसभर वाजते. तीन वेळा, थांबून पुन्हा तीन वेळा.

चाकूची हौस असेल तर लहान, घडीचा. कोर्टात, विमानतळावर, मोठ्या सभेत तो काढून घेतील, त्यामुळे माझं मत नखं कापायच्या कटरला आणि बोथट टोकाच्या छोट्या कात्रीला.

हे सगळं एका चेनच्या कापडी पाऊचमध्ये बसतं, वजन पॉवर बँक धरून अर्ध्या किलोच्या आत. त्याहून जड झालं की आठवड्याभरात खुंटीला लागतं. हा आक्षेप खरा आहे आणि मला तो मान्य करावा लागतो. म्हणून जमत नसेल तर पॉवर बँक काढा, कात्री काढा. साखर आणि रुमाल काढू नका. आणि औषधांचा कागद विसरू नका, त्याचं खाली सांगतो.

वर्षातून दोनदा, आखाजीला आणि दिवाळीला, पाऊच रिकामं करून भरा. बँडेडचा गोंद उन्हाळ्यात वितळतो, गॉजचं पाकीट घडीवर फाटतं, ओआरएसची मुदत संपते. गोळ्यांची पट्टी कापून ठेवू नका, मुदत आणि नाव नेमकं त्या कापलेल्या तुकड्यावर राहतं.

आणि कागद. यासाठीच खरं तर एवढं लिहिलं.

आप्पा सावरले. वीस मिनिटांत नाव-गाव सांगायला लागले, बायकोला "रडू नको" म्हणाले. १०८ ची गाडी आली, डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणती गोळी घेतात?" बायको म्हणाली, "पांढरी."

ताई हे सांगताना रडली. तिच्या डोळ्यांसमोर ती बाई होती. चाळीस-पन्नास वर्षांचा संसार, रोज सकाळी पाण्याचा तांब्या आणि ती गोळी हातावर ठेवणारी. तिला रंग माहीत, नाव कुणी सांगितलंच नाही. ती चूक तिची नाही. तिच्या शिकलेल्या मुला-नातवंडांची आहे, आणि आपण सगळे तेच आहोत. व्हिडिओ काढणारे बहुतेक तेच होते.

पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचा कागद. नाव, वय, रक्तगट, आजार, रोजच्या गोळ्यांची नावं मिलिग्रॅमसकट आणि वेळेसकट, कशाची ॲलर्जी, दोन जणांचे फोन नंबर. बॉलपेनने किंवा शिसपेन्सिलीने लिहा, जेलची शाई पाण्याने पसरते. मराठीत लिहा, औषधांची नावं मात्र पट्टीवर आहेत तशी उतरवा. दुधाच्या पिशवीचा स्वच्छ तुकडा गुंडाळा किंवा चिकटपट्टी लावा, आणि म्हाताऱ्या माणसाच्या बंडीच्या आतल्या खिशात घाला, पिशवीत नको. पिशवी सीटवर राहते. डॉक्टरांनी गोळी बदलली की त्याच दिवशी कागद बदला. जुनी गोळी लिहिलेला कागद दवाखान्यात घोळ घालतो.

ताईने रात्री आईची जुनी कुंकवाची डबी धुऊन उन्हाची वाट न बघता चुलीजवळ वाळवली, तीन चमचे साखर मोजून भरली आणि पर्समध्ये टाकली. आता तिचे बाबा ओट्यावर चष्मा लावून बसलेत, गोळ्यांच्या पट्ट्या दिव्याखाली धरून एकेक अक्षर वाचून दाखवतायत, आणि ती लिहून घेतेय. दुसऱ्या गोळीचं नाव अजून लागलेलं नाही. पट्टी कापलेली आहे.