मास्तर खयचो ता मगे बघूया

शिक्षकांच्या बदल्यांची यादी लागली की आमच्या तिठ्यावर आठवडाभर दुसरा विषय नसतो. कोण सुटला, त्याच्या जागी कोण आला (कोणीच नाही), कुठल्या वाडीत पालकांनी शाळेला टाळं ठोकलं, हे सगळ्यांना पाठ होतं. त्यामुळे भाईंनी सुनावणी वगैरे न घेता थेट निकाल दिला.

"निष्ठा राहिली नाही. घाटावरून येतात, दिवस भरतात, बदलीचा अर्ज टाकतात. साने गुरुजींच्या कोकणात ही वेळ!"

भाई शिक्षण विभागात कारकून होते. रिटायर होऊन जमाना झाला, पण बोलताना हात अजून फायलीवर ठेवल्यासारखा कट्ट्यावर असतो. आणि साने गुरुजी दर चौथ्या वाक्याला येतातच.

बाबल रिक्षातून उतरला नव्हता. तो शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष, तेव्हा या विषयावर त्याला घरी बसून राहणं शक्यच नव्हतं.

"ओ भाई, साने गुरुजी खयचे?"

"पालगडचे. दापोली तालुका."

"आणि शिकवक खय गेले?"

"अमळनेरला."

"म्हणजे परजिल्ह्यातले मास्तर! आणि थय किती वर्षां रवले?"

भाईंचं बिस्किट चहात विरघळलं. 1924 ते 1930, मी सांगितलं. मग राजीनामा देऊन सत्याग्रहात.

"सहा वर्षां! आमच्या परभणीच्या सरांनी नऊ काढल्यानी. कोणाची निष्ठा जास्त, सांगा बघू."

तुलना सरळसरळ अन्यायाची होती. पण भाई गप्प झाले, आणि ते वारंवार घडत नाही.

ती संधी दिगूने साधली. दिगू एम.एड. करतो आहे. शाळेतलं वातावरण आणि शिक्षकांची बांधिलकी, असा त्याचा विषय. त्यामुळे गेले काही महिने कोणीही "आज उकाडा आहे" म्हटलं तरी तो वातावरणाकडे वळतो. "1963 साली हाल्पिन आणि क्रॉफ्ट यांनी अमेरिकेतल्या 71 प्राथमिक शाळांचा अभ्यास करून वातावरणाचे सहा प्रकार सांगितले. एका टोकाला खुलं, दुसऱ्या टोकाला बंद. बंद शाळेत मुख्याध्यापक बारीकसारीक कागदांवर अडून बसतो, शिक्षक नुसती हालचाल करतात, काम पुढे सरकत नाही."

"ह्या बघूक अमेरिकेत कशाक जावक होया?" बाबल म्हणाला. "सरांची पयली शाळा बघूची होती."

ती आम्ही सगळ्यांनीच बघितली आहे. नाव घेत नाही. पाच शिक्षकांची शाळा, इमारत चकाचक, भिंतीवर सुविचार. साडेदहाला मस्टर कपाटात, किल्ली खिशात. दोन मिनिटं उशीर झाला की नावापुढे लाल शाई. शाळेतलं पाणी गेलं म्हणून सर शेजारच्या घरी हातपाय धुवायला गेले, तर परत आल्यावर हालचाल रजिस्टरमध्ये नोंद करायला लावली. 'कामाचे स्वरूप' या रकान्यात काय लिहायचं, यावर अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात तिसरीचा वर्ग पटांगणात लगोरी खेळत होता. सर तिथे होते तेव्हा साडेपाचच्या गाडीच्या आधी स्टॉपवर उभे असायचे. गावात म्हणायचे, घाटावरचा आहे, जीव नाही लागत.

मग शाळाशाळांत शिक्षकांची फेरवाटणी, म्हणजे समायोजन, झालं त्यात ते आमच्या वाडीत आले. दोनशिक्षकी शाळा. इथे बाई होत्या, मुख्याध्यापकाचा चार्ज त्यांच्याकडे. पहिल्याच दिवशी बाईंनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "सर, तुम्हाला कुठले वर्ग आवडतील?" झालं एवढंच. पुढच्या मे महिन्यात हे सर परभणीला न जाता बाबलच्या होडीत पोरांना घेऊन मासे ओळखायला शिकत होते. स्वतःच शिकत होते म्हणजे. पोरं शिकवत होती.

"माणूस तोच, पगार तोच, जिल्हो तोच," बाबल बोटांवर मोजत म्हणाला. "निष्ठा काय बाईंनी वरसून ओतल्यानी?"

"हे सगळं ठीक आहे," भाई सावरले, "पण स्थानिक मुलं डी.एड. होऊन घरी बसली आहेत, त्यांना घ्या ना! स्थानिक असला की टिकतो."

हा मुद्दा भाईंचा खरा होता, आणि तो त्यांनी मांडला तेव्हा मी मान डोलावली. बाबलनेही डोलावली, पण त्याचं वाक्य अजून बाकी होतं. "घेवक होयेच. पण लाल शायीच्या शाळेत स्थानिक मास्तर घातलास तर तो टिकतलो, भाई. शिकवतलो काय?"

इथे दिगूने वहीच काढली. मायर आणि अ‍ॅलन म्हणून दोघे आहेत, त्यांनी बांधिलकीचे तीन प्रकार केले आहेत: राहावंसं वाटतं म्हणून राहणारा, सोडणं परवडत नाही म्हणून राहणारा, आणि सोडणं बरं दिसत नाही म्हणून राहणारा. मला हे दिगूच्या तोंडून ऐकलेलं पहिलं उपयोगी वाक्य वाटलं. बाबलला तर फारच.

"भाईंका खयच्यात घालूया? दुसऱ्यात मा?"

"मी प्रामाणिकपणे नोकरी केली!"

"केल्यात. माझ्या बापाशीचा मेडिकल बिल तुमच्या टेबलावर प्रामाणिकपणे दीड वर्ष रवला."

हे दर चार महिन्यांनी निघतंच. भाई म्हणतात एक सही नव्हती. बाबल म्हणतो सही होती, शिक्का नव्हता. बाबलचे वडील शिक्षक होते, बिल मिळालं ते त्यांच्या वर्षश्राद्धानंतर. दोघांचा आवाज चढला, तेव्हा टपरीवाल्या वहिनींनी कांदाभजी आणून मध्ये ठेवली. हा त्यांचा जुना तोडगा आहे. भजी आमच्याच खात्यावर लिहिली जातात.

मीही माझं घोडं दामटलं. वातावरण काय फक्त मुख्याध्यापक बिघडवतो? आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम 27 मध्ये लिहिलंय, शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून दुसरं बिगरशैक्षणिक काम देऊ नये. प्रत्यक्षात दिवसातून तीनदा 'माहिती तातडीने पाठवा'. आणि प्राथमिकच्या नव्या शिक्षकाचं, म्हणजे शिक्षणसेवकाचं, मानधन बघा: 6,000 चं 2023 साली 16,000 झालं. त्याच वर्षी निवृत्त शिक्षकांना पुन्हा घ्यायचं ठरलं, 20,000 वर. म्हणजे पेन्शनवाले काका 20,000 आणि मेरिटमध्ये आलेली पोरगी 16,000, दोघं एकाच व्हरांड्यात खिचडीची चव घेणार. तिची बांधिलकी दिगू कुठल्या कोष्टकात मोजणार?

"'तातडीने पाठवा' ही आपत्तीच," बाबल म्हणाला. "कायद्यात बसता."

भाई म्हणाले, तरीही दहावीच्या निकालात कोकण पहिलं येतं ना? मंडळ वेगळं झालं तेव्हापासून! बाबल म्हणाला, येता तर, आणि दर निकालाक तुम्ही पेढे खातात, डायबेटिस आसान.

एवढ्यात परभणीचे सर आलेच. हातात बांगडे मासळीची पिशवी. नऊ वर्षांपूर्वी हा माणूस बाजारातून नाक दाबून जायचा, आता वहिनींनाच सांगतो, "तिरफळ जास्त टाकू नका, चव मरायली."

"सर, यादीत नाव होतं?" भाईंनी आवाजात फाईल आणून विचारलं.

"अर्जच केला नव्हता की."

भाईंनी भजं उचललं. दिगू मात्र हर्षभरित. त्याने सरांनी भरून दिलेली प्रश्नावली वहीतून काढली, आता पुराव्यानिशी सिद्ध करतो म्हणाला, आणि मोठ्याने वाचू लागला. शाळेत जायला आवडतं: पूर्ण सहमत. पालक सहकार्य करतात: पूर्ण सहमत. बाबलने कॉलर ताठ केली. मग दिगू अडखळला.

"सर, हे काय? 'माझे मुख्याध्यापक माझे म्हणणे ऐकून घेतात', इथे तुम्ही 'पूर्ण असहमत' केलंय. माझा सगळा निष्कर्ष कोसळतोय!"

"बाई जूनमध्ये रिटायर झाल्या ना," सर म्हणाले. "तेव्हापासून चार्ज माझ्याकडेच हाय. रोज स्वतःला सांगायलो, आज माहिती भरू नको, पोरांना शिकव. ऐकतोय कोण!"

बाबल हसता हसता रिक्षाच्या हॉर्नवर पडला आणि समोरची एसटी उगीचच थांबली.