डायट माझं, राबणारं माणूस दुसरंच

थोडं मोठं लिहितोय, वेळ असेल तरच वाचा. गेल्या आठवड्यात ऑफिसमधल्या एका मुलाचा रिपोर्ट आला, वय ३४, एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तपासणी) ६.१, आणि तो घाबरून माझ्याकडे आला की सर तुम्ही काय डायट केलं ते मला लिहून द्या. रात्री लिहायला बसलो आणि दोन ओळींच्या पुढं जाईना. काय खायचं ते त्याला माहितीच आहे, आपल्या सगळ्यांना माहिती असतं. मला त्याला जे सांगायचंय ते वेगळंच आहे आणि ते कळायला माझी स्वतःची तीन वर्षं गेली.

२०१९ च्या दिवाळीनंतर माझा ६.२ आला होता. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, ६.५ पासून पुढं डायबेटिस. ही तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांची साखर सांगते, त्यामुळं आदल्या दिवशी गोड बंद करून काही उपयोग होत नाही. माझे वडील शेवटची दोन वर्षं डायलिसिसवर होते, कारण साखरच. ते सगळं डोळ्यासमोर होतं, त्यामुळं घाबरलेला माणूस जे जे करतो ते सगळं मी केलं. दोन वेळा जेवायचं ते केलं, मग भात-पोळी पूर्ण बंद करून नुसतं पनीर-अंडी-सॅलड केलं, मग कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला सात दिवसांचा चार्ट केला, वर्षभराची जिमची फी एकदम भरली. प्रत्येक गोष्ट दोन महिने, फार तर तीन.

आता त्या काळात आमच्या स्वयंपाकघरात काय चाललं होतं ते सांगतो. मी पहाटे साडेपाचला उठून अजिंक्यतारा किल्ल्यावर जायचो. साताऱ्यातल्या लोकांना माहितीय, त्या वाटेवर सकाळी केवढी गर्दी असते, तेच तेच चेहरे भेटतात, हळूहळू ओळखी होतात, आणि लोक म्हणायचे वा साहेब, काय शिस्त आहे तुमची. बरं वाटायचं. पण बायको माझ्या आधी, पाचला उठलेली असायची. ती शाळेत शिक्षिका आहे, तिला सव्वादहाला पोचायचं असतं. मुलाचा डबा, आईसाठी मऊ भात, घरातल्यांसाठी नेहमीची पोळी-भाजी, आणि त्यावर माझं वेगळं. माझी कोशिंबीर, माझी बिनतेलाची भाजी, माझी मोड आलेली मटकी, जी आदल्या दिवशी भिजवून रात्री फडक्यात कुणीतरी बांधलेली असायची आणि ते कुणीतरी मी कधीच नव्हतो. मी सव्वासातला घाम पुसत यायचो तेव्हा ताट तयार. माझी शिस्त तिच्या झोपेतून निघत होती.

२०२१ मध्ये तिच्या आईचं ऑपरेशन झालं आणि ती तीन आठवडे माहेरी कऱ्हाडला गेली. पाचव्या दिवशी माझं डायट संपलं. बाहेरून डबा, संध्याकाळी वडापाव, आणि एकदा सुटलं म्हणल्यावर चालणंही सुटलं. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की परिस्थितीच तशी होती. पुढच्या वर्षी तिच्या शाळेत आरोग्य तपासणी होती, ऑगस्ट २०२२. ती कागद घेऊन आली आणि फ्रीजवर चुंबकाने लावून ठेवला, बोलली काहीच नाही. हिमोग्लोबिन ९.४. बायकांचं किमान १२ पाहिजे. माझी साखर मी दर तीन महिन्यांनी मोजत होतो आणि तिचं रक्त त्याआधी किती वर्षांत कुणी तपासलं होतं हे मला आठवेना. ती जेवायची सगळ्यांच्या शेवटी, उरलेली भाजी पुसून, आणि सकाळी तर उभ्याने चहा-पोळी.

नंतर वाचलं की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय निघाला. म्हणजे घरोघरी हेच आहे. एकाच्या ताटात सॅलड सजवलेलं आणि ते चिरणारीच्या अंगात रक्त नाही. याला मी हेल्दी लाइफस्टाइल म्हणायला तयार नाही.

त्या रात्री आम्ही बोललो, बराच वेळ. ती रागावली नव्हती, ती फक्त दमली होती. म्हणाली, "अहो, तुम्ही काय खायचं नाही ते मला सांगू नका आता, काय करायचं ते तुम्ही करा." तिथून सुरुवात झाली.

पहिली गोष्ट, मी भाकरी शिकलो, सत्तेचाळिसाव्या वर्षी, आईकडून. पहिले पंधरा दिवस भाकरी परातीतच तुटायची. आई शेजारी स्टुलावर बसून म्हणायची, "आरं मळ की अजून, भाकरी मळण्यात असती." मग कळत गेलं, की ज्वारीचं पीठ महिनाभर डब्यात पडलं तर त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि मग कितीही मळा, चिरा पडणारच, म्हणून दळण थोडं थोडं आणायचं. पीठ जुनं असलं तर उकळत्या पाण्यात उकड काढायची. तव्यावर टाकल्यावर पाण्याचा हात कधी फिरवायचा, कधी उलटायची. आता रोज रात्रीच्या भाकऱ्या माझ्याकडे. आणि भाकरी स्वतः थापायला लागल्यापासून मी दोन खातो, पूर्वी आयत्या चार जायच्या. इथं एक सांगतो, २०२३ हे भरडधान्य वर्ष होतं तेव्हापासून लोकांना वाटतं ज्वारी-बाजरी म्हणजे साखरेवर औषध. तसं नाहीये. ज्वारीतही पिष्ट जवळपास गव्हाइतकंच असतं. पोट लवकर भरतं, फायबर आहे, पण चार भाकऱ्या आणि वर भात खाल्ला तर साखर वाढणारच.

दुसरी गोष्ट, घरात वेगळं ताट बंद. जे शिजेल ते सगळ्यांसाठी. आईला भाकरी चावत नाही म्हणून ती आमटीत कुस्करून खाते, मुलाला भात लागतो तर वाटीभर असतो, पण भाजी एकच, आमटी एकच. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवीन आहार मार्गदर्शिका काढली, त्यात दिवसाचं ताट दिलंय, २००० कॅलरीसाठी धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, तेल २७ ग्रॅम. हे वाचून मी घराचा हिशोब काढला. चार माणसं, म्हणजे रोज दीड किलोच्या वर भाजी. आम्ही आठवड्याला चार-साडेचार किलो आणत होतो, म्हणजे गरजेच्या निम्मीसुद्धा नाही. तेल मात्र महिन्याला पाच लिटर, हिशोबाने साडेतीन पुरायला पाहिजे. हा हिशोब प्रत्येकाने आपापल्या घरी एकदा करावा, दहा मिनिटं लागतात आणि कुठल्याही चार्टपेक्षा जास्त कळतं. आता रविवारच्या बाजारातून भाजी मी आणतो, पालेभाजी मुलगा आणि मी मिळून निवडतो, मटकी-हुलगा-चवळी भिजवायचं काम मुलाकडे आहे आणि तो विसरला तर दुसऱ्या दिवशी उसळ नसते, एवढंच.

बायकोच्या हिमोग्लोबिनसाठी डॉक्टरांनी गोळ्या दिल्याच, सोबत दोन गोष्टी सांगितल्या, जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घ्यायचा नाही कारण चहामुळं लोह नीट शोषलं जात नाही, आणि उसळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळायचं. आणि तिसरं आम्ही ठरवलं की ती शेवटी जेवणार नाही. सगळे एकदम बसतो, भांडी मधे ठेवून.

व्यायामाचं सांगायचं तर दर जूनमध्ये माझं चालणं मरायचं. साताऱ्यात पाऊस लागला की गडाची वाट निसरडी, पहाटे छत्री घेऊन चढायला नको वाटतं, आणि मग ते थेट गणपतीनंतर, कधी दिवाळीनंतर सुरू. वर्षातले चार महिने गेले की उरलेलं सगळं पुन्हा शून्यापासून. आता पावसाळ्याचं वेगळं ठरलेलं आहे, घरात सूर्यनमस्कार. आमच्याच जिल्ह्यातलं औंध, तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले होते, सतरंजीएवढी जागा लागते, बाकी काही नाही. मी बारावर सुरू केलं, आता तीस घालतो. चाळिशीनंतर स्नायू कमी होत जातात आणि रक्तातली साखर खर्च करायला स्नायूच लागतात, त्यामुळं नुसतं चालून भागत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

आणि शतपावली. आजोबा घालायचे, वडिलांनी टीव्ही आल्यावर सोडली. न्यूझीलंडमधल्या ओटॅगो विद्यापीठाचा २०१६ चा अभ्यास आहे, टाइप टू डायबेटिस असलेल्या लोकांना दिवसातून कधीतरी सलग तीस मिनिटं चालायला सांगितलं आणि नंतर प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा-दहा मिनिटं, तर जेवणानंतर चालल्यावर साखर जास्त खाली राहिली, सगळ्यात जास्त फरक रात्रीच्या जेवणानंतर. आम्ही दोघं रात्री गल्लीतून दहा-पंधरा मिनिटं जातो. दिवसभरातलं आमचं बोलणंही तेव्हाच होतं.

एकवीस दिवसांत सवय लागते असं सगळीकडे फिरतं ना, ते मनावर घेऊ नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ९६ जणांवर पाहिलं होतं, मधली संख्या ६६ दिवस, कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवसांचा अंदाज. आणि एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही हेही त्यातच आहे. मला हे आधी कळलं असतं तर लग्नात दोन जिलब्या खाल्ल्या म्हणून मी अख्खं डायट सोडून दिलं नसतं. भाकरीचं म्हणाल तर मला चार महिने लागले, तोपर्यंत रोज संध्याकाळी मनाला ओढत ओट्यापाशी न्यावं लागायचं.

तर त्या मुलाला मी चार्ट दिला नाही. विचारलं, घरी स्वयंपाक कोण करतं. म्हणाला आई, आणि बायको, आता सातवा महिना आहे. म्हणलं मग आधी घरातली भाजी आणायचं आणि निवडायचं तू घे, रात्रीची भांडी तू घे, आणि महिन्याभराने ये, मग बोलू. तो जरा नाराज होऊन गेला. ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यात काही बदल करू नका, हेही त्याला सांगितलंय आणि इथेही सांगतो.

माझा मागच्या महिन्यातला रिपोर्ट ५.८ आहे, अजून पूर्ण नॉर्मल नाही. बायकोचं हिमोग्लोबिन ११.८. सकाळी साडेपाचला आता ती जाते, शाळेतल्या दोन मैत्रिणींबरोबर 'चार भिंती' स्मारकापर्यंत, आणि तोवर डबे मी भरतो. पुढची तपासणी नोव्हेंबरमध्ये आहे, दोघांची एकाच दिवशी.