तुमच्याकडं शेंडेफळ कोण?

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: ‘कोल्हापुरात आता मुलगा-मुलगी भेद उरला नाही. घरं दोन लेकरांवर थांबली. बोर्डाच्या निकालात पोरीच पुढं. राहिला प्रश्न मुलगा हवा असण्याचा, तर ती ज्याची त्याची हौस. त्यात कुणाचं काय जातं?’ खाली अंगठ्यांची रांग.

आधी ‘दोनवर थांबली’ हे बघू. किती झाल्यावर थांबले यापेक्षा कोण झाल्यावर थांबले ते विचारा. पहिला मुलगा झाला की पेढे वाटून बरीच घरं तिथंच थांबतात, फार तर आणखी एक. पहिल्या दोघी मुली असल्या की मात्र आजी म्हणते, ‘अजून एकदा बघूया की.’ गर्भलिंगनिदान कुणी केलंच नाही असं धरलं, तरी या हिशोबानं मुलगे लहान घरांत वाढतात आणि मुली गर्दीच्या घरांत. केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीनं शेवटचं अपत्य कोण, यावरूनच हे ताडलं. मुलग्याची वाट बघताना जन्मलेल्या ‘नकोशा’ मुली तिनं देशभरात २ कोटी १० लाख धरल्या. शेजारच्या साताऱ्यात तर पोरींची नावंच ‘नकुशी’ असायची. २०११ मध्ये समारंभ करून २८५ जणींना नवी नावं दिली.

आणि दोनवर नीट थांबलेल्या घरांचं काय? तिथं निवड जन्माआधीच झाली का, ते आकड्यांना विचारू. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या, राज्यात ९१३. सोनोग्राफी मशीनवर नजर ठेवायची मोहीम इथं झाली, २०११ ला आकडा ८६३ वर आला. सुधारणा आहेच, नाकारत नाही. पण भेद संपल्याचा हा आकडा नव्हे.

निकालाचं म्हणाल तर टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची असते. मध्येच लग्न लागलेली पोर त्यात नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं.

उरली हौस. आमच्या शेजारी तिघी बहिणी आणि धाकटा भाऊ. सकाळी सातला पिवळी स्कूलबस दारात येते ती एकट्यासाठी. बुटांची नाडी थोरली बांधते, डबा मधली देते, मग मधली आणि धाकटी चालत जिल्हा परिषदेच्या शाळेत. शाळा वाईट नाही हो, मीही तिथलाच. थोरलीनं बारावीनंतर नर्सिंगचा फॉर्म आणला होता. वडील म्हणाले, ‘यंदा बाळ्याची फी भरलीया, पुढच्या वर्षी बघू.’ फॉर्म अजून फ्रिजवर आहे, वर मीठाची बरणी.

मेसेज टाकणाऱ्या काकांना मी ग्रुपवरच विचारलं, ‘तुमच्याकडं शेंडेफळ कोण?’ दोन निळ्या खुणा झाल्यात. उत्तर नाही.