पदरमोडीची नोकरी

बिनपगारी फुल अधिकारी होणं एक वेळ परवडलं. खासगी प्राथमिक शाळेत पोर घातलं की पगारही आपणच भरायचा आणि अधिकार शून्य. कामाला सुरुवात रात्री नऊनंतर, रजा नाही, आणि वर्षाअखेरचा शेरा मिळतो तो मुलाच्या प्रगतिपुस्तकात. पुण्यात कोथरूडपासून खराडीपर्यंत हजारो माणसं ही नोकरी निमूट करतात. मीही त्यातलाच, म्हणून नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी कामाचं स्वरूप सांगून ठेवतो.

भरतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शिक्षणहक्क कायदा 2009 चा. त्याच्या 13 व्या कलमानुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. शाळा पहिल्यांदा सापडली तर 25 हजारांपर्यंत दंड, पुढे दर वेळी 50 हजारांपर्यंत. त्यामुळे मुलाखत कुठेच होत नाही, फक्त 'इंटरॅक्शन' होतं. त्यात आईबाबांना घरी कोणकोण असतं ते विचारतात आणि मुलाला केळ्याचा रंग. मूल विचारतं, "सोललेलं का?" आणि आईचा जीव खाली-वर होतो. वयाचा हिशोब मात्र सरळ आहे: पहिलीसाठी 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण. पोर 1 जानेवारीला जन्मलं असेल तर त्याने एक वर्ष निवांत खेळावं.

मग फी. पावतीवर ट्यूशन, टर्म, ॲक्टिव्हिटी, स्मार्ट क्लास अशा ओळी असतात आणि सगळ्यांत शेवटी 'इतर'. या 'इतर'चा अर्थ ऑफिसात विचारला की काउंटरवरच्या मॅडम शेजारच्या मॅडमकडे बघतात. खरं तर महाराष्ट्रात फीसाठी 2011 चा स्वतंत्र कायदा आहे. पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती नेमायची, तीसुद्धा चिठ्ठ्या टाकून. अध्यक्ष मुख्याध्यापक, उपाध्यक्ष एक पालक, आणि फीचा प्रस्ताव या समितीपुढे यायला हवा. चिठ्ठीत नाव त्याचंच निघतं ज्याने फॉर्म न वाचता सही केलेली असते. तो गृहस्थ पहिल्या बैठकीला चहा-बिस्किटं खाऊन येतो आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहितो, 'चर्चा सकारात्मक झाली.' पुढच्या एका दुरुस्तीने 25 टक्के पालकांना एकत्र येऊन फीविरुद्ध दाद मागता येऊ लागली. ज्या वर्गात टीचर्स डेला बुके द्यायचा की रोप यावर तीन दिवस एकमत होत नाही, तिथे 25 टक्के सह्या गोळा करणाऱ्याला मी लांबूनच नमस्कार करतो.

खरी नोकरी जूनमध्ये सुरू होते, अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकबाजारात. शाळेची यादी हातात, वर पाऊस, मागे रिक्षाचा हॉर्न. दुकानदार यादी बघतसुद्धा नाही, शाळेचं नाव ऐकतो आणि गठ्ठा काउंटरवर आपटतो. सरकारी पाठ्यपुस्तकं स्वस्त असतात, बालभारतीची तर संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. गठ्ठ्याचा आकडा फुगवणारी पुस्तकं वेगळी: चकचकीत कागदाची, खासगी प्रकाशनाची, आणि शेवटच्या पानावर कात्रीने कापायचे आकार छापलेली. आकार कापले की पुस्तक धाकट्याच्या कामाचं राहत नाही. ही युक्ती ज्याला सुचली तो माणूस हुशार.

आता कव्हरं. पंचवीस वह्यापुस्तकं, ब्राउन पेपरचे रोल, लेबलं, सेलोटेप. नवखा पालक पहिली चूक इथेच करतो: वही उघडी ठेवून कागद घडी करतो. मग वही मिटली की कव्हर ताणलं जातं, पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो आणि आठवड्यात कणा फाटतो. माप नेहमी वही मिटवून घ्यावं. तिन्ही बाजूंना दोन-दोन इंच कागद जास्त सोडावा, कण्याच्या वर-खाली दोन तिरप्या चिरा द्याव्यात आणि मधली जीभ आत दुमडावी. रोलचा कागद मूळचा वळलेला असतो, म्हणून त्याची आतली बाजू वहीकडे ठेवावी. उलट घातला तर कडा रात्रभरात वर उठतात. कव्हराचा कागद वहीला चिकटवू नये, सेलोटेप फक्त कागदावर कागद. लेबल उजवीकडे की मधोमध, हे शाळेला विचारल्याशिवाय लावायचं नाही. मागच्या इयत्तेत उजवीकडे होतं म्हणून यंदाही असेल, हा भाबडेपणा आहे. आणि 'विषय' या ओळीवर ईव्हीएस (परिसर अभ्यास) लिहिलेल्या वहीवर नंतर जीके (सामान्य ज्ञान) लिहायला सांगतात, म्हणून पाच-सहा लेबलं राखून ठेवावीत.

हे सगळं दप्तरात भरून दप्तर मुलाच्या पाठीवर. 2020 च्या स्कूल बॅग धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नको. पहिली-दुसरीला साधारण 1.6 ते 2.2 किलो. आता तराजू घ्या. चांगल्या चेनचं रिकामं दप्तरच पाऊण किलो. लिटरभर पाणी एक किलो, स्टीलची बाटली वेगळी. डबा पोळीभाजीसकट अर्धा किलो. म्हणजे एकही पुस्तक न घालता मर्यादा ओलांडली. धोरणाप्रमाणे मुलाने शाळेत फक्त पाणी प्यायला आणि जेवायला जावं. पुस्तकातच वहीची कोरी पानं घालण्याचा प्रयोग राज्याने 2023 मध्ये केला आणि 2025 मध्ये गुंडाळला. दप्तरं आहेत तेवढीच आहेत. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असं 2024 मध्ये ठरलं, तेव्हा घराघरात झोपेचे मनोरे रचले गेले. पण एकाच बसच्या दोन फेऱ्या आणि एकाच इमारतीत दोन सत्रं, तर धाकटे नऊला आणणार कुठून? काही शाळांनी वेळ बदलली, काहींनी जुन्याच वेळेसाठी पालकांकडून संमतिपत्र भरून घेतलं. संमती देणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, "व्हॅनकाका म्हणाले, सही करून टाका." व्हॅनकाकांचं ऐकावं. उद्या सुट्टी आहे की नाही हे शाळेच्या ॲपआधी त्यांनाच कळतं.

आता प्रोजेक्ट. ॲपवर टिंग वाजतं रात्री नऊ दहाला: 'काइंडली सेंड सोलर सिस्टिम मॉडेल टुमॉरो. इको-फ्रेंडली मटेरियल ओन्ली.' या दोन वाक्यांत जो विरोध आहे त्यावर कोणी बोलत नाही. पर्यावरणपूरक ग्रह म्हणजे कागदाचा बोळा, त्यावर मास्किंग टेप, मग फेविकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात बुडवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे तीन थर. ते वाळायला पंख्याखाली अख्खी रात्र लागते आणि व्हॅन येते पावणेसातला. म्हणून माणूस शेवटी थर्माकोलच्या गोळ्यांकडे वळतो. राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर 2018 पासून बंदी आहे, पण माळ्यावर जुन्या मिक्सरच्या खोक्यात एखादा ठोकळा निघतोच.

थर्माकोलवर स्प्रे पेंट मारू नका. त्यातल्या द्रावकाने थर्माकोल विरघळतो आणि गुरू ग्रहाला खरोखरच्या दऱ्या पडतात. फेविक्विकचंही तेच, ग्रहात भोक पडतं. साधं फेविकॉल आणि पोस्टर कलर किंवा ॲक्रिलिक, दोन पातळ हात, गोळा टूथपिकवर खोचून सगळीकडून रंगवायचा. घाई म्हणून हेअर ड्रायर फार जवळ धरला तर शनी आक्रसतो. कडं जुन्या सीडीचं करावं, पण सीडी कोणती ते आजोबांना आधी विचारावं. आजोबांना आणखी एक समजवावं लागतं: ग्रह आठच. प्लुटोला 2006 मध्ये काढलं. "आमच्या वेळी नऊ होते," असं ते म्हणतात आणि सगळ्यांचं लक्ष नसताना एका कोपऱ्यात साबुदाणा चिकटवतात.

कोणी उत्साही बाबा प्रमाणशीर मॉडेलचा हट्ट धरतो. त्याला वेळीच थांबवा. पृथ्वी 4 मिलिमीटरचा ज्वारीचा दाणा धरली तर सूर्य 44 सेंटिमीटरचा, आणि दोघांतलं अंतर 47 मीटर. सूर्य हॉलमध्ये ठेवला तर पृथ्वी सोसायटीच्या वॉचमनकडे ठेवायला द्यावी लागेल. चार्टपेपर 22 बाय 28 इंचांचा असतो, त्यात जेवढं मावेल तेवढंच खगोलशास्त्र. दुसऱ्या दिवशी बक्षीस मिळतं ते एलईडी लावलेल्या, मोटरवर फिरणाऱ्या मॉडेलला, जे दुसरीतल्या मुलीने 'स्वतः' केलेलं असतं. माझं मत विचाराल तर ज्या चार्टवर मंगळ निळा आहे आणि स्पेलिंगमध्ये एक अक्षर वर घुसवलंय, तोच खरा. पण परीक्षकांना तो दिसत नाही, तो खिडकीमागे टांगलेला असतो.

पेरेंट-टीचर मीटिंगला पाच मिनिटं मिळतात. "व्हेरी हॅपी चाइल्ड" म्हणजे वहीत काही लिहीत नाही. "सोशल आहे" म्हणजे जागा बदलून तीनदा बसवलंय. आपण मान हलवायची आणि पुढच्या टोकनला जागा द्यायची.

डिसेंबरात गॅदरिंग. बालगंधर्व, यशवंतराव चव्हाण नाहीतर गणेश कला क्रीडा मंच, ज्याची तारीख मिळेल ते. समुद्र इथून शंभरेक किलोमीटरवर, तरी पुण्यातल्या प्रत्येक गॅदरिंगला कोळीनृत्य असतंच. कपडे भाड्याने. दुकानात मुलाची उंची सांगू नका, मूल घेऊन जा. 'साइज 26'चा कोळी एका दुकानात गुडघ्यापर्यंत येतो आणि दुसऱ्यात फरशी पुसतो. आतून घालायला स्किन कलरची स्लिप लक्ष्मी रोडला मिळते, पण गॅदरिंगच्या आठवड्यात पांढरीच उरते. सेफ्टी पिना अर्धा डझन नव्हे, पाकीट न्यावं; शेजारची आई मागतेच. मेकअप साबणाने काढू नका, आधी खोबरेल तेल आणि कापूस. चमकी मात्र संक्रांतीपर्यंत उशीवर सापडत राहते.

नाच चार मिनिटांचा. आपलं पोर दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरं, असं सांगितलेलं असतं. ते 'आपली डावी' की 'स्टेजची डावी' हे कोणीही सांगत नाही, आणि सगळे कोळी एकाच मिशीचे. निम्मे पालक घरी जाऊन झूम केल्यावर ओळखतात की व्हिडिओ दुसऱ्याच्याच मुलाचा काढलाय.

कपडे दुसऱ्या दिवशी अकराच्या आत परत, नाहीतर डिपॉझिटमधून कपात. पिशवी उघडली की लुंगी दोन असतात आणि टोपी एकही नसते. ग्रुपवर टाकायचं: 'लाल कोळी टोपी कोणाकडे चुकून गेली आहे का? अर्जंट.' नऊ जण अंगठा दाखवतात. कोणता अंगठा, हो की नाही, ते विचारलं की आणखी चार अंगठे येतात.