रुंदीकरणाला सरकारी जागा मिळत नाही, हे खरे नाही

बेळगावात एक मजकूर मोबाईलवर फिरतोय: ‘रस्ता रुंद करायला सरकारी जागा घेता येत नाही, ती दुसऱ्या खात्याची असते. घरे-दुकाने मागे घेणे हाच मार्ग. पाच फुटांनी काय बिघडते? भरपाई मागणारे विकासाच्या आड येतात.’ यातले जवळजवळ काहीच टिकत नाही.

6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या महाराजगंजमधील घर पाडल्याच्या प्रकरणात रुंदीकरणाचा क्रमच घालून दिला. आधी नोंदी आणि नकाशावरून रस्त्याची मूळ रुंदी ठरवा. अतिक्रमण आढळले तर नोटीस द्या, हरकत ऐका, लेखी सकारण निर्णय द्या. आणि रस्त्यालगतची सरकारी जमीन धरूनही रुंदी पुरत नसेल, तर खासगी जागा आधी कायद्याने संपादन करा, मगच कामाला हात लावा. म्हणजे सरकारी जागा हिशेबात आधी येते. हे सर्व राज्यांना लागू आहे.

खाते दुसरे असते, एवढे मात्र खरे. कॅम्पातली जमीन संरक्षण खात्याची, रेल्वे गेटाजवळची रेल्वेची. तिथे दिल्लीची मंजुरी लागते, वेळ जातो. पण चन्नम्मा चौकाजवळची जिल्हाधिकारी कार्यालय, न्यायालय ही आवारे काही दिल्लीची नव्हेत. तिथले कुंपण आत सरकवले तर कुणाचे बिऱ्हाड उठत नाही. शाळेचे मैदान कापायला मात्र माझा विरोधच राहील.

आता ते ‘पाच फूट’. जुन्या गल्ल्यांतली घरे अरुंद तोंडाची, आत लांबच लांब. पुढे दुकान, त्याला लागून जिना, वर बिऱ्हाड. पाच फूट गेले की शटर, पायऱ्या, विजेचा मीटर सगळेच जाते आणि माडीवर चढायला वाट उरत नाही. म्हातारी माणसे वर कशी जाणार?

भरपाई ही मेहेरबानी नव्हे. घटनेच्या कलम 300-अ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता घेता येत नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्याने शहरात बाजारभावावर तेवढीच दिलासा रक्कम मिळते, म्हणजे दुप्पट. शहापुरात बँक ऑफ इंडिया ते जुना पी. बी. रोड या रस्त्यासाठी मोबदला न देता घेतलेली जागा 2024 मध्ये महापालिकेला मालकाला परत करावी लागली.

तेव्हा भिंतीवर खूण पडली तर तोंडी बोलण्यावर जागा सोडू नका. सिटी सर्व्हेचा उतारा आणि नकाशा काढा. नोटीस कानडीतच असेल तर जाणत्याकडून वाचून घ्या. मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या, आणि त्यात विचारा: लगतच्या सरकारी जागेची मोजणी केली आहे का?