मत सोडून सगळं शेअर करा

हल्ली जो तो विचारतो की सोशल मीडियावर सेफ कसं राहायचं, प्रायव्हसी कशी जपायची वगैरे. सोप्पंय हो. माहिती सगळी वाटून टाकायची आणि मत तेवढं कडीकुलपात ठेवायचं. स्वतःची जन्मवेळ व्हायरल केली म्हणून महाराष्ट्रात कुणाला पोलीस घेऊन गेल्याचं अजून तरी ऐकलेलं नाही.

घरात लग्नाचं कुणी असेल तर श्रीगणेशा तिथूनच करा. मुलीचा बायोडाटा बनवायचा, वर गणपती, खाली पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मठिकाण, उंची, रक्तगट, पॅकेज, कंपनीचं नाव, ऑफिस नेमकं कुठे ते, घराचा पत्ता फ्लॅट नंबरसकट, गावाकडची शेती किती, आणि दोन मोबाईल नंबर, म्हणजे एक लागला नाही तर दुसरा. सोबत साडीतला एक फोटो, जीन्समधला एक. मग ही पीडीएफ वधू-वरांच्या जितक्या ग्रुपवर सोडता येईल तितक्यांवर सोडायची, तिकडून ती कुठे कुठे जाते ते आपण बघायचं नसतं, मुलीला पोरं झाली तरी "स्थळ आहे का अजून?" असे फोन येत राहतात. आणि मामाकुळ लिहायला अजिबात विसरू नका. पासवर्ड रिसेट करताना आईचं माहेरचं आडनाव विचारतात ना कुठे कुठे, ते चोराला शोधत बसावं लागू नये, त्यालाही टार्गेट असतात.

आता आधार. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. उत्तम झालं, अभिनंदन. ते सेलिब्रेट करायला अलिबागला गेलात तर लॉजवाला म्हणेल आधार व्हॉट्सअपवर टाका, टाकायचं. मागची बाजू पण. मे २०२२ मध्ये आधारवाल्यांच्याच बंगळुरूच्या ऑफिसने एक पत्रक काढलं होतं की बाबांनो झेरॉक्स कुणालाही देत जाऊ नका, शेवटचे ४ आकडेच दिसतात ते मास्क्ड आधार द्या. दोनच दिवसांत पत्रक मागे, का तर लोकांचा गैरसमज होईल. लोकांना आपली माहिती आपली आहे असं वाटू लागणं याहून वाईट गैरसमज कुठला, तेव्हा सरकारचं बरोबरच होतं.

२०२१ मध्ये व्हॉट्सअपने नवी पॉलिसी आणली, मान्य करा नाहीतर निघा, आणि त्यावर २०२४ मध्ये स्पर्धा आयोगाने मेटाला २१३ कोटींचा दंड ठोकला. आपण काय केलं? अ‍ॅग्री दाबलं आणि मग "व्हॉट्सअप सोडा, सिग्नलवर या" हा मेसेज व्हॉट्सअपवर फॉरवर्ड केला. असंच करत राहा.

हे झालं द्यायचं. आता झाकायचं.

मत झाकायची आपल्याकडे मोठी परंपरा आहे, आणि तिच्यात पक्षभेद नाही हे मुद्दाम सांगतो, कारण काही भाबड्या लोकांना वाटतं की आपलं सरकार आलं की आपण बोलू. २०१२ मध्ये पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर विचारलं की बाळासाहेब गेले म्हणून बंद कशाला. तिला अटक, आणि ती पोस्ट नुसती लाईक करणाऱ्या मैत्रिणीलाही अटक, वर काकांचा दवाखाना फोडला तो वेगळाच, त्याला कुठली पोस्ट टाकायची होती देव जाणे. तेव्हा आघाडीचं राज्य. मे २०२२ मध्ये केतकी चितळे या अभिनेत्रीने शरद पवारांवरची दुसऱ्या कुणाचीतरी कविता शेअर केली, महिन्याहून जास्त आत. कविता सुमार आणि वाईट चवीची होती, ते सोडा, पण सुमार कवितेला जेल लावायचं ठरलं तर दिवाळी अंक निघायचे बंद होतील. तेव्हा महाविकास आघाडी. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या १९ वर्षांच्या इंजिनिअरिंगच्या मुलीने ऑपरेशन सिंदूरवरून एक पोस्ट रिशेअर केली, दोन तासांत डिलीट केली, माफी मागितली, तरी अटक, कॉलेजनेही काढलं, शेवटी हायकोर्टाने सरकारला झापून तिला परीक्षेला बसायला सोडवलं. तेव्हा महायुती. खुर्चीत कुणीही असो, सेवेत खंड नाही.

तुम्ही म्हणाल, ऑनलाईन पोस्टवरून अटक करायचं ते आयटी कायद्यातलं ६६अ कलम तर रद्द झालं ना? झालं की, २४ मार्च २०१५ ला, श्रेया सिंघल खटल्यात सुप्रीम कोर्टाने घटनाबाह्यच ठरवलं. आणि त्यानंतरही ठाण्याठाण्यांत त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवले जात होते, २०२१ मध्ये कोर्टालाच हे धक्कादायक आहे असं म्हणावं लागलं. त्यामुळे तो निकाल मोबाईलमध्ये सेव्ह ठेवलात तर निदान ठाणे अंमलदाराला वाचायला देता येईल, अर्थात मोबाईल तोवर जप्त झालेला असेल.

ग्रुप अ‍ॅडमिन काकांसाठी वेगळी सूचना. नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय की मेंबरने काहीही टाकलं तरी अ‍ॅडमिनचा त्यात हात असल्याशिवाय तो दोषी नाही. पण कोर्टाचं काय ऐकायचं, निवडणूक आली की "ओन्ली अ‍ॅडमिन" करून टाका. गुड मॉर्निंग आणि भावपूर्ण श्रद्धांजली एवढं पाठवायला लोकशाही लागत नाही.

आणि अगदीच राहवत नसेल, काहीतरी बोलायचंच असेल, तर राजकारण सोडून एखादा निरुपद्रवी विषय घ्या. खड्डे घ्या. मात्र २०१७ मध्ये आरजे मलिष्काने मुंबईच्या खड्ड्यांवर गाणं केलं, आणि मग महापालिकेची माणसं तिच्या आईच्या वांद्र्याच्या घरी तपासणीला गेली, तिथे डेंग्यूच्या डासांच्या अळ्या सापडल्या आणि नोटीस निघाली. तेव्हा पोस्ट टाकायच्या आधी कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी तेवढं ओतून या.